घरात पाणी मुरलं तर: सोलापुरात नव्याने घर केलेल्यांसाठी

सोलापुरात राहायला आलात की पहिल्याच आठवड्यात शेजारीण सांगते, "पाण्याचा दिवस लक्षात ठेवा." नळाला काही दिवसांआड पाणी, म्हणून घराखाली हौद आणि घरावर टाकी. पाऊसही बेताचा. अशा गावात पाण्याने घर खराब होईल असं कुणाच्या डोक्यात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

आमचं घर जुळे सोलापुरात, तळमजल्यावर. तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात रात्री अडीचला पाणी सुटलं. मी पाइप हौदात सोडला, 'पाच मिनिटं पडते' म्हणून आडवी झाले आणि पाचला उठले ती पायाला गार लागलं म्हणून. हॉल, देवघर, मागची खोली, सगळीकडे बोटभर पाणी. घरातल्या सगळ्यांनी मिळून दोन तासांत पुसून काढलं, पंखे लावले, संध्याकाळी फरशी खडखडीत. दिवाळीआधी रंग देऊन घेतला. संक्रांतीला हॉलची भिंत गुडघ्याच्या उंचीवर फुगली आणि पोपडे पडायला लागले. रंगारी म्हणाला, "ताई, आधीची पुट्टी हलकी होती." पुन्हा खरवडणं, पुन्हा पुट्टी, पुन्हा दोन हात. पाडव्याला भिंत परत तशीच.

मे महिन्यात पुण्याहून ताई आणि दाजी आले. दाजी याच धंद्यात आहेत. कुठल्या ऑफिसात पाइप फुटला, कुणाच्या फ्लॅटमध्ये पाणी शिरलं की ती जागा सुकवून देणं हे त्यांचं काम. त्यांनी भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. खिशातून रुपया काढला आणि हॉलभर बसून फरशीवर टकटक केली. मधल्या फरश्या टणटण वाजत होत्या, हौदाकडच्या ओळीत मात्र आवाज बसका. तिथली एक फरशी उचलली. ऐन मे महिन्यात, बाहेर त्रेचाळीस अंश, आणि फरशीखालची वाळू मुठीत धरली तर लाडूसारखी वळत होती. "अगं, रंगारी सगळ्यात शेवटी बोलवायचा असतो," दाजी म्हणाले. "तू पहिल्यांदा बोलावलास."

पुढचं सगळं त्या उन्हाळ्यात शिकलेलं. क्रम जसाच्या तसा पाळा, मधली पायरी गाळली की खर्च दोनदा होतो.

१. आधी वीज, मग पाणी

पाण्यात पाय टाकायच्या आधी मेन बंद करा. बोर्डापर्यंत पाण्यातूनच जावं लागत असेल तर जाऊ नका. वायरमनला किंवा महावितरणला कळवून बाहेरून पुरवठा बंद करून घ्या.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. मेन बंद केला की घर सुरक्षित झालं असं वाटतं, पण इन्व्हर्टर चालूच असतो आणि त्या लाइनवरच्या पॉइंटांत वीज खेळत असते. इन्व्हर्टर वेगळा बंद करा. त्याची बॅटरी जमिनीवर असेल तर तिच्यापासून लांब राहा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर हे सगळं निस्तरल्यावर पहिलं काम तेच.

पीओपीच्या छताला पाण्याने पोट आलं असेल तर त्याखाली उभं राहू नका. बाजूला उभं राहून, खाली बादली ठेवून, काठीला बांधलेल्या खिळ्याने बारीक भोक पाडा आणि पाणी उतरू द्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, आणि ते छत अचानक सुटलं तर डोक्यावरच येतं.

शहराच्या पूर्व भागात अनेक घरांत खालीच यंत्रमाग असतात. भिजलेली मोटर 'जरा ऊन दाखवलं' म्हणून चालू करू नका. वायरमनकडून मेगर (आतून वीज गळते का ते मोजायचं यंत्र) लावून तपासल्याशिवाय बटण दाबायचं नाही. पंप, वॉशिंग मशीन, फ्रिज यांनाही हाच नियम.

२. पाणी आलं कुठून, ते शोधा

पायऱ्यांमध्ये ही सगळ्यात किचकट. समोर एक कारण दिसत असतं, त्यामुळे दुसरं शोधायचं सुचत नाही. आमच्याकडे सगळा दोष त्या रात्रीच्या पाइपवर, म्हणजे माझ्यावर होता. सासूबाई अजून पाहुण्यांना ती गोष्ट सांगतात.

*हौद.* दाजींनी रात्री जेवणं झाल्यावर पंप बंद करायला लावला, हौदात येणारा नळ बंद केला आणि पाण्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. सकाळी पाणी रेघेच्या खाली दीड इंच. आमचा हौद सहा बाय पाच फुटांचा. त्यात एक इंच उतरलं म्हणजे सुमारे ७० लिटर गेले. म्हणजे रात्रीत शंभर लिटर पाणी हौदाच्या भिंतीतून हॉलच्या फरशीखाली जात होतं, कितीतरी महिने! ही परीक्षा फुकट आहे. नवीन घर घेताना, भाड्याने घेताना, आधी हीच करा. एका रात्रीत झाकलेल्या हौदातलं पाणी वाफ होऊन इतकं कमी होत नाही.

भरून वाहण्यावर उपाय सोपे आहेत: बॉलकॉक दर सहा महिन्यांनी हलवून पाहणं (आपल्या जड पाण्याने त्यावर पांढरे खडे चढतात आणि तो अडकतो), टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप आणि त्याचं तोंड दिसेल अशा जागी. काही जण ओव्हरफ्लोचा पाइप सरळ ड्रेनेजला जोडतात. मग टाकी वाहते आहे हे कळतच नाही.

*गच्ची.* इथला पाऊस कमी असला तरी पडतो तो एकदम पडतो, विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरात, परतीचा. २०२० चा ऑक्टोबर आठवून पाहा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांची गच्ची साधारण ९३ चौरस मीटर, तिच्यावर ५० मिलिमीटर पाऊस झाला तर साडेचार हजार लिटरच्या वर पाणी, आणि ते जायला कोपऱ्यात एक पाइप. त्या पाइपाच्या तोंडाशी कडुलिंबाचा पाला आणि एक कॅरिबॅग बसली की गच्चीचा हौद झाला.

आणि आपलं ऊन. दहा मीटर लांबीचा काँक्रीटचा स्लॅब २० अंशांच्या फरकाने दोन मिलिमीटर लांबतो आणि रात्री परत आकसतो. रोज. केसासारख्या भेगा पडणारच, आणि त्या बहुतेक गच्ची आणि कठड्याच्या सांध्यात पडतात. मिस्त्री तिथे गोल वाटा मारतात तो याचसाठी. वाटा फुटलेला असेल तर बाकी गच्ची कितीही छान असू दे, वरच्या खोलीच्या कोपऱ्यात डाग येणार.

*न्हाणीघर.* खालच्या छताला ओल आहे आणि वर न्हाणी आहे, तर दोन दिवस ती न्हाणी वापरू नका. डाग फिका पडला तर नळाची लाइन ठीक आहे, गळती खालच्या जाळीतून किंवा फरशीच्या सांध्यांतून आहे. डाग तसाच राहिला तर भिंतीतला नळाचा पाइप गळतोय, कारण त्यात सतत दाब असतो. जाळीचा संशय पक्का करायचा तर बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवून ओता आणि खाली वाट बघा.

*भिंतीतले पाइप.* जुन्या घरांत लोखंडी पाइप गंजलेले असतात. नव्या घरांत वेगळीच गंमत: सोलरचं गरम पाणी साध्या यूपीव्हीसी पाइपातून नेलेलं. तो पाइप गरम पाण्यासाठी नसतोच, सांधे ढिले पडतात. गरम पाण्याला सीपीव्हीसी हवा. बिल्डरला हा प्रश्न विचारायला लाजू नका.

*काळी माती.* सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको, पण बाहेरून आलेल्यांसाठी: ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराचा पाया पुरेसा खोल नसेल तर भिंतींना तिरक्या चिरा जातात, आणि घरात शिरणारा पाण्याचा किंवा ड्रेनेजचा पाइप नेमका भिंतीपाशी तडकतो. जोत्याभोवतीची फरशी घराकडे कललेली असेल तर पावसाचं पाणी पायाशीच मुरतं. उतार बाहेरच्या बाजूला हवा.

*माळवद.* जुन्या पेठांमध्ये माळवदाची, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेली घरं अजून आहेत. पावसाळ्याआधी पांढरी माती पसरून, चोपून घेतली तर माळवद गळत नाही, आमच्या आत्याचं घर साठ वर्षं तसंच उभं आहे. त्यावर सिमेंटचा कोबा ओतायचा मोह आवरा. वजन वाढतं, आत मुरलेली ओल बाहेर पडत नाही आणि तुळई आतून कुजते, ते वरून दिसत नाही.

*बारीकसारीक.* आरओची पातळ नळी, एसीचा तुंबलेला ड्रेन, वॉशिंग मशीनचा पाइप. गावाला जाताना मुख्य कॉक बंद करून जा, एवढं पुरे.

३. पाणी कुठल्या जातीचं?

अमेरिकेतली आयआयसीआरसी नावाची संस्था या कामाचं प्रमाण ठरवते, त्याचं नाव एस ५००. दाजी त्यातली विभागणी वापरतात. नळाचं, टाकीचं पाणी: स्वच्छ. वॉशिंग मशीनचं, मोरीचं पाणी: मळकं. ड्रेनेजचं उलटं आलेलं आणि पुराचं पाणी: घाण. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुराने गावंच्या गावं भरली, ते तिसऱ्या जातीचं.

जात महत्त्वाची का? कारण तिच्यावर ठरतं काय धुवायचं आणि काय फेकायचं. स्वच्छ पाण्याने भिजलेली गादी लगेच वाळवली तर वाचते. ड्रेनेजच्या पाण्याची गादी नाही वाचत, कितीही उन्हात टाका. आणि स्वच्छ पाणीसुद्धा दोन-तीन दिवस साचून राहिलं की ते स्वच्छ राहत नाही.

४. पुसायच्या आधी फोटो

प्रत्येक खोलीचे दोन फोटो आणि एक व्हिडिओ. भिंतीवर पाणी कुठवर चढलंय तिथे पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. खराब झालेल्या यंत्रांच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, आम्ही केलं नाही.

५. पाणी उपसा

जितकं पाणी पाणी म्हणून निघेल तितकं बरं, वाफ करून काढायला खूप वेळ लागतो. व्यावसायिक लोक त्यासाठी मोठे ओले व्हॅक्यूम वापरतात. घरी वायपर, पोछा आणि सोलापुरी टॉवेल. टॉवेल वापरा, चादरी नको, गडद चादरीचा रंग हलक्या फरशीवर उतरला तर ते एक नवीन दुखणं. सामान उचलताना लाकडी पायांखाली फरशीचे तुकडे किंवा विटा सरकवा. भिजलेलं कपाट रिकामं करूनच हलवा.

६. सुकवणं: खरं काम हे

फरशी वरून कोरडी दिसणं म्हणजे घर सुकणं नव्हे. पाणी फरशीखाली, भिंतीच्या पोटात, ट्रॉलीच्या मागे जातं आणि विटा ते केशाकर्षणाने वर ओढतात, दिव्याची वात तेल ओढते तसं. म्हणून पोपडे फरशीलगत नाही तर गुडघ्याला, मांडीला येतात.

दाजींनी आमच्या घरात काय केलं ते क्रमाने सांगते, कारण कुठल्याही चांगल्या माणसाने साधारण हेच करायला हवं.

आधी मोजणी. मॉइश्चर मीटर नावाचं मोबाइलएवढं यंत्र, पुढे दोन सुया. ते आधी भिजलेल्या भिंतीला लावलंच नाही. माडीवरच्या कोरड्या भिंतीवर लावून तिचा आकडा वहीत लिहिला. मग हॉलच्या भिंतीवर दर फुटाला एक खूण, प्रत्येक खुणेचा आकडा. भिंतीवर ओलीचा नकाशाच तयार झाला: हौदाकडच्या कोपऱ्यात सगळ्यात वर, दाराकडे उतरत गेलेला. मीटरचा आकडा नुसता बघून काही कळत नाही. क्षारांनी भरलेल्या भिंतीत तो उगाच जास्त येतो. कोरड्या भिंतीशी तुलना आणि रोजचा फरक, हे दोनच बघायचे.

मग हवा आत पोहोचेल अशी वाट. स्कर्टिंग काढलं, हौदाकडच्या फरशीची एक अख्खी ओळ उचलली, पोकळ वाजणारं प्लॅस्टर विटेपर्यंत काढलं. माझा जीव खालीवर होत होता. "झाकलेली जखम सुकत नाही," एवढंच ते म्हणाले.

मग वारा आणि कोरडी हवा. पंखे भिंतीकडे तोंड करून नाही, तर भिंतीला तिरके, वारा भिंतीवरून घासत जाईल असे. मे महिना असल्यामुळे खिडक्या उघड्या ठेवल्या, कारण आपल्याकडची उन्हाळ्यातली हवा इतकी कोरडी असते की तीच सगळ्यात स्वस्त यंत्र. हेच काम ऑगस्ट-सप्टेंबरात असतं तर उलटं: खिडक्या बंद, आत डीह्युमिडिफायर. तो हवेतलं पाणी ओढून टाकीत जमा करतो. तो लावून खिडक्या उघड्या ठेवल्या तर तो सगळ्या पेठेची हवा सुकवत बसतो. डीह्युमिडिफायर नसेल आणि एसी असेल तर ड्राय मोडवर ठेवा, बऱ्यापैकी काम होतं. काही शे रुपयांत मिळणारा आर्द्रता मोजायचा छोटा काटा खोलीत टांगा. आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहायला हवा, ५० च्या आसपास आला तर उत्तम.

आता खास सोलापुरी चूक. वारा हवा म्हणून लोक ओल्या खोलीत कूलर लावतात. पाणी भरून! कूलर हवेत पाणीच सोडतो. लावायचाच असेल तर टाकी रिकामी करून, त्याचा पंप बंद करून, नुसता पंखा म्हणून लावा. तसा तो फार छान वारा देतो.

हॅलोजन, शेगडी, भट्टीचा पंखा लावून घाई करू नका. प्लॅस्टर वरून तडकतं, लाकूड वाकतं, आत ओल तशीच.

वेळ किती? सिमेंटच्या थराला साधारण मिलिमीटरला एक दिवस असा ठोकताळा आहे. विटांची नऊ इंची भिंत पूर्ण भिजली असेल तर आठवडे नव्हे, महिने धरा. आमच्या भिंतीला जवळपास तीन महिने लागले. रोज सकाळी त्याच खुणांवर आकडे घेत होते, पोरगा म्हणायचा आई भिंतीचा ताप बघते. आकडा कोरड्या भिंतीच्या जवळ येऊन आठवडाभर तिथेच राहिला तेव्हा दाजींनी फोनवर परवानगी दिली.

७. बुरशी आणि लोणा: दोन वेगळ्या गोष्टी

काळे-हिरवे ठिपके आणि कुबट वास म्हणजे बुरशी. ओल राहिली तर ती २४ ते ४८ तासांत धरते. एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने पुसा, फडकं फेकून द्या. कोरडं झाडू नका, तिची भुकटी घरभर उडते. ब्लीचिंगचं पाणी टाइल्ससाठी आणि भांड्यांसाठी ठीक. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत हा जिवाशी खेळ आहे. घरात दम्याचं कुणी असेल तर त्याला त्या खोलीपासून लांब ठेवा.

पांढरी भुकटी, खारट, बोटाला चिकटणारी, म्हणजे लोणा. हा भिंतीतला क्षार, पाण्याबरोबर बाहेर येऊन वाळलेला. बोअरचं खारं पाणी वापरून बांधलेल्या घरांत जास्त. तो ओल्या फडक्याने पुसला की विरघळून परत आत जातो, म्हणून याला मात्र कोरडा ब्रशच. भिंत सुकत असताना लोणा थोडा वाढतो, घाबरू नका, ते सुकण्याचंच लक्षण आहे.

८. काय ठेवायचं, काय टाकायचं

सागवान वाचतं, प्लायचं ज्याचं त्याचं नशीब (मरीन प्लाय तग धरतो, साधा कमर्शियल पापुद्रे सोडतो), एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) फुगलं की संपलं. भिजलेली कागदपत्रं ओढून सुटी करू नका. पानांमध्ये कोरे कागद घालून पंख्याखाली ठेवा, वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. लगेच वेळ नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये. बुरशी थांबते आणि तुम्हाला आठवडाभर मिळतो. आमच्या लग्नाचा अल्बम असाच मटारांच्या शेजारी पडून होता.

९. आता दुरुस्ती, मूळ कारणापासून

हौद आतून: रिकामा करून घासणं, भेगा व्ही आकारात खोदून भरणं, जलरोधक प्लॅस्टर, मग पिण्याच्या पाण्याला चालेल असाच कोट. डब्यावर तसं छापलेलं असतं, वाचून घ्या.

गच्चीचं काम फेब्रुवारी ते मे. पावसाची वाट बघत गळती दिसल्यावर मिस्त्री शोधायला निघालात तर तो मिळत नाही, आणि ओल्या स्लॅबवर मारलेला कोट फुगून निघतो. मे महिन्यात भर दुपारीही मारू नका, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. उतार शंभराला एक तरी हवा. काम झाल्यावर पाइपाची तोंडं बंद करून दोन इंच पाणी किमान २४ तास, जमलं तर ४८ तास साठवून बघा, आणि पैशाचा शेवटचा हप्ता ही परीक्षा झाल्यावरच द्या. वरून पांढरा परावर्तक रंग मारला तर स्लॅब कमी तापतो, त्यामुळे भेगाही कमी.

फरशीखालून येणारी ओल असेल तर जोत्याच्या वर भिंतीत ओळीने भोकं पाडून रसायन भरतात. ते चालतं, पण भिंतीत खरोखर जमिनीतली ओल चढत असेल तरच. पाइप गळत असताना हे करून घेतलं तर पैसे पाण्यात.

सगळ्यात मोठा सापळा: ओली भिंत झाकणं. पीव्हीसी पॅनेल, वॉलपेपर, कमरेपर्यंत टाइल्स, ऑइल पेंट. वर्षभर दिसत नाही. मग पॅनेल काढलं की मागे जे असतं ते बघवत नाही.

१०. माणूस निवडताना

आमच्याकडे दाजींच्या आधी एक जण येऊन गेला होता. त्याने भिंतीला हात लावून 'दोन कोट मारले की काम पक्कं' सांगितलं, व्हिजिटिंग कार्डाच्या मागे 'दहा वर्षं गॅरंटी' असं लिहून सही केली आणि आगाऊ रक्कम घेतली. पहिल्या पावसानंतर फोन लागला नाही.

आता मी तीन प्रश्न विचारते. पाणी कुठून येतंय? ते कशावरून ठरवलं? भिंत सुकली हे कसं मोजणार? तिसऱ्या प्रश्नाला 'अनुभवावरून' असं उत्तर आलं तर चहा पाजून रवानगी. दर लेखी घ्या: किती चौरस फूट, कुठलं रसायन, किती थर, हमीमध्ये मजुरी आहे की नुसतं मटेरियल. मिस्त्री कन्नड-तेलुगू बोलणारे असले तर ओळखीचं कुणी मध्ये घ्या. 'वाटा', 'कोबा' हे शब्द सगळ्यांना कळतात, अटी कळत नाहीत.

११. कागद तयार ठेवा

घराचा विमा असेल तर पॉलिसी काढून वाचा. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्या 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी देतात. तिच्यात पूर तर आहेच, शिवाय पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, भरून वाहणंही आहे. हळूहळू मुरलेली ओल आणि देखभालीअभावी झालेलं नुकसान मात्र त्यात बसत नाही. कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेलं सामान फेकू नका. घाणीमुळे फेकावंच लागलं तर आधी फोटो.

सोसायटीत राहत असाल तर: गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून गळत असेल तर सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (मॉडेल बाय-लॉज) दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने, त्यामुळे खराब झालेलं वरच्या मजल्याचं छतसुद्धा. वरच्या फ्लॅटच्या संडास-मोरीतून येत असेल तर खर्च संबंधित फ्लॅटधारकांचा, सोसायटीने मध्यस्थी करायची. वरच्यांशी भांडण्याआधी नीळ टाकून बघा आणि सचिवांना लेखी अर्ज द्या. फ्लॅट नवा असेल तर रेरा कायद्याने ताब्यापासून ५ वर्षांपर्यंत बांधकामातला दोष बिल्डरने स्वखर्चाने, कळवल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त करायचा असतो. कळवणं लेखी हवं, पोच घेऊन.

पुराचं पाणी शिरलं असेल तर पंचनामा होईपर्यंत भिंतीवरची पाण्याची रेघ पुसू नका.

एका फाइलमध्ये एवढं ठेवा:

- विमा पॉलिसी आणि हप्त्याची पावती
- खरेदीखत किंवा भाडेकरार, घरपट्टीची पावती
- आधार, बँक पासबुकाची झेरॉक्स
- फोटो-व्हिडिओ, तारखांसह
- यंत्रांची बिलं, प्लंबर-मिस्त्रीचे लेखी दर आणि पावत्या
- मीटरच्या आकड्यांची वही, घेतली असेल तर

आणि घरात एवढं सामान: टॉर्च, वायपर, हातमोजे, एन-९५ मास्क, आर्द्रतेचा काटा, रुपयाचं नाणं, पेन्सिल.

आमच्या हौदाच्या भिंतीवर आता सात रेघा आहेत, प्रत्येकीपुढे तारीख. पाण्याच्या दिवसाच्या आदल्या रात्री, महिन्यातून एकदा, पोरगा टॉर्च धरतो आणि मी वाकून बघते. गेल्या महिन्याची सकाळची रेघ रात्रीच्या रेघेवरच बसली होती.